चांदी वर आली होती

दाढेत भरलेली चांदी वाढत नाही. ती काळी पडते, कडेनं फुटते, एखाद्या दिवशी चिक्कीबरोबर निघून येते. पण आजूबाजूच्या दाढेपेक्षा उंच उभी राहिलेली चांदी सतरा वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. आणि ती मीच भरलेली होती, चार वर्षांपूर्वी.

डिसेंबर २०२४. सांगलीत दुपारची वेळ, रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या. शेवटचा पेशंट संपवून डबा उघडणार तेवढ्यात कृष्णाकाठच्या गावातले एक ओळखीचे शेतकरी मुलीला घेऊन आले. "मॅडम, पोरीला गार पानी सोसंना झालंय. चूळ भरली तरी कळ येतीया."

मुलगी सोळा वर्षांची. मी तिला 'पैलवान' म्हणते, इथंही तेच म्हणेन. मार्च २०२३ मध्ये सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली, आपल्याच जिल्ह्याच्या प्रतीक्षा बागडीनं गदा जिंकली. त्यानंतर आमच्या भागातल्या तालमींत मुली दिसायला लागल्या, ही त्यातलीच एक. केस बारीक कापलेले, डावा कान मोडायला लागलेला. त्या कानाचा तिला भारी अभिमान होता, खुर्चीत बसली की आधी तो दाखवायची.

त्या दिवशी कान दाखवला नाही.

आता माझी चूक सांगते, नाहीतर पुढचं सांगण्यात अर्थ नाही. सहा महिन्यांपूर्वी ती याच तक्रारीसाठी आली होती. तेव्हा मी ठणक कमी करणारी पेस्ट लिहून दिली, कोल्ड्रिंक बंद कर, लिंबू चोखू नकोस म्हटलं आणि वर हसून म्हणाले, "अगं, किती बारीक झालीस! छान दिसतेस." हे वाक्य मी दिवसातून चारदा तरी कुणाला ना कुणाला म्हणत असेन. बायकांशी बोलणं सुरू करायची ती माझी सवयच होती.

दिवा तोंडावर घेतला, आरसा आत घातला. समोरचे वरचे दात पुढून ठीक होते, फक्त कडा काचेसारख्या पातळ आणि एका जागी टवका. आरसा मागं फिरवला तर आतली बाजू चोखलेल्या खडीसाखरेसारखी गुळगुळीत. दाताच्या मागं मुळाशी जो छोटा उंचवटा असतो तो जवळजवळ गेलेला, आणि आतला पिवळा थर दिसत होता. मग वरची दाढ पाहिली. चांदी जागेवर होती, दाढच तिच्याभोवती विरघळून खाली गेली होती. पूर ओसरल्यावर घाटाची एखादी पायरी उघडी पडावी तशी.

लिंबू-कोल्ड्रिंक बाहेरून येतं, ते दर्शनी बाजूला आधी खातं. वरच्या दातांची आतली बाजू खायला अ‍ॅसिड घशातून यावं लागतं. दाताचं वरचं टणक आवरण म्हणजे एनॅमल, ते साधारण ५.५ पीएचच्या खाली विरघळायला लागतं. पीएचचा आकडा जितका कमी तितकं अ‍ॅसिड तीव्र, आणि पोटातलं अ‍ॅसिड १ ते २ च्या घरात. कॉलेजात हे तोंडी परीक्षेसाठी पाठ केलं होतं. बुलिमिया, म्हणजे भरमसाट खाऊन मग ते उलटीनं बाहेर काढत राहण्याचा आजार, १९७९ साली लंडनच्या जेराल्ड रसेल यांनी नाव देऊन मांडला. बोटं घशात घालून उलटी करणाऱ्यांच्या हाताच्या पेरांवर दात घासून जे घट्टे पडतात, त्यांनाही त्यांचंच नाव आहे. परीक्षेत हे विचारलं की आम्ही धडाधड सांगायचो. सांगलीत असा पेशंट येईल असं आम्हालाच काय, शिकवणाऱ्यांनाही वाटत नसावं.

मी तिचा उजवा हात बघितला. पैलवानाचा हात, मॅटवर घासून सगळाच खरचटलेला. त्यात काही शोधणं म्हणजे नांगरटीत पाऊल शोधणं. पण तर्जनी आणि मधल्या बोटाच्या पेरावर दोन घट्टे होते, जुने, शेजारी शेजारी, अगदी एका उंचीचे. कानाखाली दोन्ही बाजूंना गालगुंडासारखी सूज. बापाला ती दिसतच होती, पण तो म्हणत होता की गाल भरलेत.

"दादा, खालच्या मेडिकलमधून एवढं आणता का?" चिठ्ठीवर दोन नावं लिहिली. त्यातलं दुसरं खाली मिळत नाही, चौकापर्यंत जावं लागतं, हे मला ठाऊक होतं.

ते गेल्यावर मी खुर्ची सरळ केली. आडवं पडलेल्या माणसाला असले प्रश्न विचारू नयेत.

"उलट्या होतात का?"

"न्हाई."

"करतेस का?"

कॉम्प्रेसर चालू होता तो बंद व्हायची वाट बघितल्यासारखी ती गप्प बसली. मग म्हणाली, "वजनाच्या आधी फक्त." थोड्या वेळानं, "आधी फक्त वजनाच्या आधी करत हुते. आता रोज हुतंय."

हळूहळू आलं सगळं. शाळेत तिला जाडी म्हणायचे. तालमीत गेली तेव्हा वस्ताद तिच्या मांड्यांकडं बघून म्हणाले, "ताकद हाय." आयुष्यात पहिल्यांदा त्या मांड्यांचा तिला उपयोग कळला. पहिलं वर्ष सोन्यासारखं गेलं. खायची, झोपायची, आरशात बघायची आणि आवडायची स्वतःला. मग गट आले. तिचं अंगचं वजन ५३ च्या आसपास, पण त्या गटात जिल्ह्यात एक तगडी मुलगी. म्हणून ४९. चार किलो उतरवायचे. दोन स्वेटर आणि त्यावर रेनकोट घालून पळायचं, आदल्या दिवशी पाणी तोडायचं, च्युइंगम चघळत डब्यात थुंकत राहायचं. तालमीतली पोरं हे सगळं उघड करतात, एकमेकांना शिकवतात, त्यात लपवण्यासारखं कुणाला काही वाटत नाही. वजन झालं की मात्र भूक अंगावर यायची. एकदा स्पर्धेहून आल्यावर तिनं रात्री चुलीजवळ बसून सात भाकऱ्या, शेंगदाण्याच्या पोळ्या आणि निम्मा डबा लाडू खाल्ले. मग भीती वाटली. मग गोठ्यामागं जाऊन सगळं काढलं. "हलकं वाटलं, मॅडम." आणि त्यानंतर लगेच दात घासले, जोर लावून, वास जावा म्हणून. प्रत्येक वेळी. अ‍ॅसिडनं मऊ पडलेल्या दातावर ब्रश म्हणजे पॉलिश पेपर. निम्मी झीज त्या ब्रशाची असणार.

ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिसला विनेश फोगट ५० किलोच्या गटात फायनलला पोचली आणि सकाळच्या वजनात १०० ग्रॅम जास्त भरल्यामुळे बाद झाली. ते बघून देशभर लोक हळहळले. हिच्या बापानं मात्र दुसऱ्या आठवड्यात डिजिटल काटा आणला, सोप्यात ठेवला आणि सकाळ-संध्याकाळ पोरीला त्यावर उभं करायला लागला. त्यांच्या दृष्टीनं ती काळजीच होती.

"पाळी?"

"पाच महिने न्हाई. बरंय की, तरास वाचला." आईलाही वाटत होतं, व्यायामानं होतं असं.

"पप्पास्नी सांगू नका."

"सांगावं लागेल गं. पण काय आणि किती सांगायचं ते तू मला सांग." तिनं बराच विचार करून सांगितलं: उलटीचं सांगा, गोठ्याचं नको.

दादा पेस्ट घेऊन आले. मी आधी रक्त तपासायला पाठवलं, कारण दाताला उशीर झाला तरी चालतो. सारख्या उलट्यांनी पोटॅशियम उतरतं आणि त्याची गाठ थेट हृदयाच्या ठोक्याशी असते. १९९७ च्या शेवटी अमेरिकेत महिन्याभरात तीन कॉलेज पैलवान वजन उतरवता उतरवता गेले, त्यानंतर तिथले नियम बदलले. संध्याकाळी रिपोर्ट आला, पोटॅशियम ३ च्या खाली. निदान साडेतीन तरी लागतं. त्याच रात्री तिला मिरजेला फिजिशियनकडं भरती केलं.

बापाला सांगताना मला वाटलं होतं ते चिडतील, किंवा मानणार नाहीत. ते भिंतीकडं बघत म्हणाले, "दारात चार म्हशी हायत मॅडम. अन् पोरगी वकून टाकतीया?" त्यांना आजारापेक्षा दुधाचा अपमान लागला होता. मला ते नंतर पटलं. ज्या मुलखात पैलवानाची कीर्ती तो किती जोर काढतो इतकीच तो किती खातो यावरही मोजली जायची, जिथं खुराक हा शब्द लोक कौतुकानं उच्चारतात, तिथं ही पोरगी खाल्लेलं लपून बाहेर काढत होती.

मिरजेतली माझी मैत्रीण मानसोपचारतज्ज्ञ आहे. तिच्याशी फोनवर बोलले तेव्हा ती मला म्हणाली, खेळाला दोष देऊन मोकळी होऊ नकोस. साधं मैदानावर खेळणाऱ्या पोरींना स्वतःचं शरीर बहुतेक वेळा जास्तच आवडतं, हिला आवडलंच होतं की पहिल्या वर्षी. धोका वाढतो तो वजनाचे गट असलेल्या खेळांत, जिम्नॅस्टिक्ससारख्या दिसण्यावर गुण असलेल्या खेळांत आणि लांब पल्ल्याच्या पळण्यात. पोरगेही त्यात असतात, फक्त ते डॉक्टरकडं 'पित्त' म्हणून येतात. पाळी थांबणं, हाडं ठिसूळ होणं, सारखं आजारी पडणं, खेळात मागं पडणं, हे सगळं पोटाला लागतं तेवढं न मिळाल्यामुळं होतं. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीनं २०१४ मध्ये याला एकत्र नाव दिलं आणि त्यात पुरुषांनाही धरलं. मी फोन ठेवून माझ्या फायली काढल्या. तालमीतली तीन पोरं, तिन्ही कागदांवर माझ्याच अक्षरात 'अ‍ॅसिडिटी'. पुढं काही लिहिलेलं नाही.

वस्तादांकडं मी स्वतः गेले. तालमीच्या भिंतीवर हिंदकेसरी मारुती माने आणि खाशाबा जाधवांचे फोटो शेजारी शेजारी. खाशाबांनी १९५२ ला हेलसिंकीत बँटमवेटमध्ये कांस्य घेतलं, म्हणजे गट तेव्हाही होतेच. वस्ताद सत्तरीचे. ऐकून घेतलं, मध्ये एकदाही बोलले नाहीत. मग म्हणाले, "डॉक्टरीनबाई, आमी मातीत वाढलो. आमच्यात वजन वाढवायचं असायचं. हे उतरवायचं आमाला कुनी शिकवलंच न्हाई, पोरं पोरांचं बघून करत्यात. मी नुसतं म्हनलो, ४९ ला ये." थोडं थांबून, "५३ ला खेळू दे. हरंल. हरू दे की."

हरली, पहिल्याच फेरीत. त्याच तगड्या मुलीकडून.

दातांचं काम अजून चालू आहे. उलट्या थांबल्याशिवाय कॅप बसवण्यात अर्थ नसतो, सिमेंटच्या कडेनं पुन्हा खातं. तोपर्यंत फ्लोराइडचं लेपन, झिजलेल्या जागी तात्पुरतं भरण, आणि एक नियम: उलटी झालीच तर ब्रशला हात लावायचा नाही, चिमूटभर खायचा सोडा घातलेल्या पाण्यानं चूळ भरायची आणि तासभर थांबायचं. मैत्रिणीकडं ती पंधरा दिवसांनी जाते. काटा सोप्यातून हलला, आता त्यावर हळद वजन करतात. मी 'बारीक झालीस' म्हणणं सोडलंय, निदान प्रयत्न करते. परवा एका बाईंना म्हणायला गेले आणि अर्ध्यात 'साडी छान आहे' म्हणाले. साडी नव्हतीच, ड्रेस होता.

महिन्यातून एकदा ती येते. तोंडात आरसा आणि सक्शन असताना बोलता येत नाही, त्यामुळं आमची एक पद्धत पडली आहे. मी विचारते, "या महिन्यात?" आणि ती बोटांनी दाखवते. केसपेपरच्या कोपऱ्यात मी आकडे लिहिते, दुसरं काही नाही. ११, ६, ७, ३, १.

गेल्या खेपेला तिनं मोडका कान दाखवला, पुढच्या महिन्यातल्या स्पर्धेचं सांगितलं, मग आ केला. मी विचारलं. तिनं उजवा हात वर केला, तर्जनी आणि मधलं बोट. पेरांवरचे घट्टे आता फिके पडलेत, पण आहेत.

मी २ लिहिलं.