आमची वाटचाल : नरकासुर ते पीटी-७६

फोंड्यात आमचं छोटं वर्कशॉप आहे. मी आणि धाकटा भाऊ. आमचा हात बसला तो दिवाळीच्या नरकासुरांवर आणि शिगम्याच्या चित्ररथांवर. पुढे बिल्डरांसाठी इमारतींची मॉडेलं केली. मग एका निवृत्त लष्करी अधिकाऱ्यांनी पीटी-७६ रणगाडा मागितला, १:३५ प्रमाणात. नोव्हेंबर १९७१ मध्ये पाकिस्तानविरुद्धच्या गरीबपूरच्या लढाईत ४५ कॅव्हलरी या भारतीय रणगाडा तुकडीने वापरलेला हा हलका, पाण्यातून पोहत जाणारा रशियन रणगाडा. "खेळणं करून आणू नका," एवढंच ते म्हणाले.

रेखाचित्राची झेरॉक्स मिळाली. सांगाड्याची लांबी बरोबर १९७ मिलिमीटर, रुंदी मात्र ९३. खरा रणगाडा सुमारे ३.१५ मीटर रुंद, म्हणजे मॉडेल ९० चं हवं. दोन दिवस आम्ही आमचाच हिशोब तपासत बसलो. शेवटी भावाने चित्रातलं एक चाक कॅलिपरने आधी आडवं, मग उभं मोजलं. चाक अंडाकृती! झेरॉक्समध्ये कागद एका बाजूने ताणला गेला होता. आता कुठलंही रेखाचित्र आलं की आधी चाक मोजतो, मगच प्लास्टिकच्या शीटला हात लावतो.

फोटोंचंही तसंच. या रणगाड्याच्या तोफेच्या तोंडावरचा, तोफेचा मागचा धक्का कमी करणारा ब्रेक सुरुवातीला अनेक खाचांचा होता, नंतरच्या मॉडेलवर दोन पडद्यांचा आला. त्यामुळे फोटो कुठला आणि कोणत्या सालचा हे कळल्याशिवाय आम्ही तो वापरत नाही.

अहमदनगरच्या (आता अहिल्यानगर) रणगाडा संग्रहालयात जाऊन आलो. खरं पोलाद पाहिलं की वेल्डिंगची शिवण किती जाड आणि ओबडधोबड असते ते कळतं. पण उभ्या माणसाला रणगाड्याचं छप्पर दिसत नाही, आणि आम्ही तिथेच चुकलो.

मॉडेल पोचतं केलं. साहेबांनी वाळपईकडच्या एका काकांना ते बघायला बोलावलं होतं; ते रणगाड्यावर नोकरी केलेले. काकांनी चष्मा वर केला, बुरुजावरच्या (तोफ बसवलेल्या फिरत्या भागावरच्या) उघड्या झाकणाला करंगळी लावली. "बाबा, हे उलटं लावलंस. हे पुढे उघडतं. त्याच्याआड डोकं राहायचं आमचं." आम्ही बिजागरी मागे बसवली होती. मला फार लागलं ते. ज्या झाकणाआड माणसं जीव धरून उभी राहिली, ते आम्ही अंदाजाने लावलं होतं.

मॉडेल परत आणलं आणि बुरुज नव्याने ओतला. नेमका जुलै. पावसाळी हवेत पॉलियुरेथेन रेझिन, म्हणजे साच्यात ओतायचं पातळ प्लास्टिक, ओल धरतं आणि फेसाळतं. चार बुरुज फुकट गेले. शेवटी बंद खोलीत डिह्युमिडिफायर लावून पाचवा ओतला.

काका मग तीन रविवार वर्कशॉपला आले. पाण्यात उतरताना पुढची लाट अडवणारी फळी उभी करतात, आणि तिच्यावरून दिसावं म्हणून चालकाचा पेरिस्कोप उंच करावा लागतो, हे त्यांनी टेबलावर पट्टी उभी करून दाखवलं. दुसरं मॉडेल तसंच केलंय: फळी उभी, पेरिस्कोप वर, झाकण पुढे. ते काकांच्या घरी आहे. पैसे घेतले नाहीत.