कूलंट जातंय कुठे?

लो रेंजमध्ये (संथ पण ताकदीच्या गिअरमध्ये) चढ चढताना माझ्या जुन्या फोर बाय फोरचा तापमानाचा काटा वर सरकायचा, टाकीतलं कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) कमी व्हायचं, पण जमिनीवर थेंब नाही. अशा वेळी लगेच इंजिनचं हेड (वरचा भाग) उघडायला देऊ नका, अगदी कळकळीने सांगतो. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर आधी रेडिएटर कॅप बघा. तिचं रबर कडक झालं की दाब धरत नाही आणि कूलंट लवकर उकळतं. मग प्रेशर टेस्टर लावा, म्हणजे दाब देऊन गळती शोधता येते. माझ्याकडे वॉटर पंपाच्या छिद्राखाली सुकलेला पांढरट-हिरवा ओघळ सापडला. गरम इंजिनवर गळती वाळून जात होती! गार गाडी सुरू करताच रेडिएटरचा वरचा होज (रबरी नळी) कडक झाला असता, तर संशय हेड गॅस्केटवर, म्हणजे हेडखालच्या सीलवर गेला असता. पंप बदलला. आता व्हिस्कस फॅनचा (रेडिएटरमागच्या पंख्याचा) क्लच तपासतोय, कारण संथ चढणीला रेडिएटरमधून हवा तो फॅनच ओढतो.