थोडीशी पोळी खाल्ली तर काय होतं?

परवा कपाट आवरताना माझे दोन्ही बायॉप्सी रिपोर्ट हाताला लागले, पहिला सीलिॲकचं (गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे आपलीच प्रतिकारशक्ती आतड्याच्या अस्तरावर उलटते, त्या आजाराचं) निदान झालं तेव्हाचा आणि दुसरा तीन वर्षांनंतरचा, मग आवरणं राहिलं बाजूला, ते शेजारी शेजारी ठेवून वाचत बसले.

निदानाआधी चार वर्षं माझं हिमोग्लोबिन आठच्या वर जात नव्हतं, आयर्नच्या गोळ्या चालूच, आणि सगळे म्हणायचे बायकांचं असतंच असं. शेवटी एका डॉक्टरांनी टीटीजीची रक्ततपासणी (सीलिॲकमध्ये रक्तात वाढणाऱ्या अँटीबॉडीची) सांगितली, मग एन्डोस्कोपी, लहान आतड्याच्या सुरुवातीचे तुकडे काढले. पहिल्या रिपोर्टमध्ये लिहिलंय मार्श 3, म्हणजे अस्तर झिजल्याची पायरी, आणि दर 100 अस्तरपेशींमागे 60 लिम्फोसाइट. साधारण 25 पर्यंत नॉर्मल धरतात. म्हणजे आतड्याचं जे मखमलीसारखं अस्तर असतं, ज्यातून लोह वगैरे शोषलं जातं, तिथे या पांढऱ्या पेशींची गर्दी झाली होती आणि मखमल झिजून सपाट झाली होती. मग गोळ्या लागू कशा पडणार?

ही गर्दी का होते ते मी नंतर खूप वाचलं. गव्हाच्या ग्लुटेनमधलं ग्लायडिन आपल्याला पूर्ण पचतच नाही, कोणालाच नाही, त्याचे लांब तुकडे उरतात. टीटीजी नावाचं एन्झाइम (रक्ततपासणीतल्या अँटीबॉडी याच्याच विरुद्ध असतात) त्या तुकड्यांत छोटासा बदल करतं आणि मग ते डीक्यू2 किंवा डीक्यू8 या जनुकांच्या प्रथिनांवर घट्ट बसतात. तिथे प्रतिकारशक्तीच्या सीडी4 टी पेशी त्यांना ओळखतात आणि इंटरफेरॉन गॅमा हे दाह वाढवणारं रसायन सोडायला लागतात. अस्तराच्या पेशी स्वतःच ताणाखाली येऊन आयएल-15 हा धोक्याचा संदेश सोडतात, आणि मग अस्तरातले जे लिम्फोसाइट एरवी शांत राखण करत बसलेले असतात तेच आपल्या अस्तरपेशींना मारायला लागतात. हे वाचून मला खरंच रडू आलं होतं, कारण माझ्याच राखणदारांनी हे केलं होतं.

गहू बंद केल्यानंतरच्या दुसऱ्या रिपोर्टमध्ये अस्तर परत उभं राहिलेलं, लिम्फोसाइट 30. हिमोग्लोबिन 12. इथेच घरचे म्हणतात, आता बरी झालीस ना, सणाची एक पुरणपोळी खा. सासूबाई प्रेमाने म्हणतात, मला कळतं ते. पण 2019 मध्ये शिकागोच्या संशोधक बाना जाबरी यांच्या गटाने दाखवलं की सीलिॲकमध्ये अस्तरातल्या गॅमा डेल्टा टी पेशींची (त्या राखणदार लिम्फोसाइटांचाच एक प्रकार) जुनी शांत जात नाहीशी होते, तिच्या जागी इंटरफेरॉन गॅमा सोडणारी जात येते, आणि गहू बंद करून अस्तर भरून आलं तरी जुनी जात काही परत येत नाही. अस्तर बरं होतं पण त्यातली वस्ती बदललेलीच राहते. म्हणून माझ्यासाठी 'थोडीशी' असं काही नाहीये.

आणि गहू लपलेला कुठे कुठे असतो! डबीतल्या हिंगात बऱ्याचदा मैदा असतो, मागे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, ते मला दीड वर्षाने कळलं. गिरणीत ज्वारीचं दळण गव्हावर काढलं की संपलंच, आता मी सकाळी गिरणी उघडायच्या वेळेला जाते, काकांना आधी तांदूळ टाकायला सांगते आणि त्यावर माझी ज्वारी, आणि तरी वरचं पहिलं पीठ मी घेत नाही.

माझ्या ऑफिसमधल्या मैत्रिणीचं वेगळं आहे, तिची टीटीजी निगेटिव्ह, अस्तर छान, लिम्फोसाइट जरासे वाढलेले एवढंच, पण पोळी खाल्ली की पोट फुगून दुखतं. तिला कोणी मनाचे खेळ म्हटलं की मला राग येतो. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्लोच्या अभ्यासात अशा लोकांना ग्लुटेनपेक्षा फ्रुक्टान या कर्बोदकाने जास्त त्रास झाला, जे गव्हात असतं तसंच कांदा-लसणातही असतं. त्यामुळे तिचं पथ्य माझ्यासारखं असेलच असं नाही.

एक मात्र कळकळीने सांगते, शंका असेल तर तपासणीआधी गहू सोडू नका. माझ्या चुलत बहिणीने व्हिडिओ बघून आधीच सोडला आणि मग सगळं नॉर्मल आलं, कारण गहू पोटात जात नसेल तर त्या पेशीही हळूहळू शांत होतात आणि रक्तातल्या टीटीजीच्या अँटीबॉडीही उतरतात. आता तिला तपासणीसाठी परत काही आठवडे पोळी खावी लागतेय, रोज पोट दुखत.

आईला सीलिॲक असेल तर मुलांना धोका जास्त, म्हणून गुरुवारी माझ्या लेकीची टीटीजी आहे. ती नऊ वर्षांची आहे, वजन वर्षभर तिथेच अडकलंय. तोवर तिच्या डब्यात रोज दोन पोळ्या जातायत, मीच लाटते, नाकाला रुमाल बांधून, आणि नंतर ओटा तीनदा पुसते.