वीरगळांची नोंदवही : फोटोंच्या ढिगातून नकाशाकडे

मंडळी, पावसाळ्यात भटकंती बंद असते, तेवढ्यात मोबाइलमधला वीरगळांच्या (लढाईत पडलेल्या वीरांच्या कोरीव स्मृतिशिळांच्या) फोटोंचा ढीग उपसून घेतला. सगळे फोटो आता ट्रॉपीत आहेत. हे फुकट सॉफ्टवेअर आहे, झोटेरो हे संदर्भ नोंदवायचं सॉफ्टवेअर जिथं तयार झालं त्याच जॉर्ज मेसन विद्यापीठातल्या केंद्रात तयार झालेलं. मुळात ते दफ्तरखान्यात काढलेले फोटो लावून ठेवण्यासाठी केलंय, पण शिळांनाही झकास चालतं. फोटोवर चौकट आखून तेवढ्याच भागाला वेगळी टीप जोडता येते, आणि वीरगळाचे कप्पे म्हणजे आयत्याच चौकटी: खाली लढाई, वर वीराला घेऊन निघालेल्या अप्सरा, त्यावर शिवलिंगाची पूजा, माथ्याला कलश.

नोंदीचा साचा मात्र मी माझा बनवला. त्यात 'दिसतं ते' आणि 'अन्वय' असे दोन वेगळे रकाने आहेत. एका शिळेच्या खालच्या कप्प्याबद्दल पहिल्यात लिहिलंय, 'डावीकडे दोन चतुष्पाद, शिंगं झिजलेली. उजवीकडे ढाल-तलवार घेतलेला पुरुष'. दुसऱ्यात, 'बहुधा गोधनरक्षण'. थेट 'गाई वाचवताना मेलेला वीर' असं लिहून मोकळं व्हायचा मोह होतोच. पण उद्या एखाद्या अभ्यासकाला ही यादी दिली, तर त्याला माझा अंदाज नको असतो, शिंगं हवी असतात.

जागेचंही तेच. देवळाचा जीर्णोद्धार झाला की वीरगळ उचलून आवारात भिंतीला टेकवतात. जीपीएस दाखवतं ती शिळेची आजची जागा. 'पूर्वी तळ्याकाठी होती' हे गावातल्या आजोबांचं म्हणणं 'मूळ जागा (ऐकीव)' या रकान्यात जातं. क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन्हींचे थर वेगळे ठेवलेत. ते एकत्र केले तर नकाशा दिसतो छान, पण सांगतो भलतंच. नकाशा चारचौघांत द्यायचा असेल तर अक्षांश-रेखांशाची तीनच दशांश स्थळं ठेवतो. शंभरेक मीटरची मोघम जागा कळते, तेवढी पुरे. गुप्तधनवाल्यांना पत्ता कशाला द्या?

मित्रांकडून फोटो मागवताना एक पथ्य: व्हॉट्सअ‍ॅपवर 'डॉक्युमेंट' म्हणूनच पाठवायला सांगा. एरवी फोटो आकसतो आणि त्यातली जीपीएसची नोंदही पुसली जाते. प्रकाशाचं तुम्हाला सांगायला नकोच: सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन, नाहीतर बाजूनं धरलेली टॉर्च. अक्षरं उठावीत म्हणून खडू फासणाऱ्यांशी मात्र माझं भांडण आहे.

जुन्या उल्लेखांसाठी झोटेरो. बोरिवलीजवळच्या एकसरचे वीरगळ, ज्यांवर नौकायुद्ध कोरलंय, त्यांच्यासाठी १८८२चं ठाणे जिल्ह्याचं गॅझेटियर इंटरनेट आर्काइव्हवर चाळलं. तिथं शोधताना 'ठाणे' नव्हे, इंग्रजांचं 'ठाणा' (Thana) हे स्पेलिंग टाका. स्कॅनवरून यंत्रानं उतरवलेल्या मजकुरात गावांची नावं पार मोडलेली असतात, त्यामुळे शोधचौकटीवर विसंबू नका, सूचीतून पान गाठा. पान सापडलं की त्याचा क्रमांक झोटेरोत आणि तोच ट्रॉपीतल्या शिळेच्या टिपेत.

आता राहिल्यात शेंदूर थापलेल्या शिळा. त्या पूजेत आहेत, हात लावायचा प्रश्नच नाही. तूर्त त्यांच्या 'दिसतं ते' रकान्यात 'शेंदराखाली, दिसत नाही' एवढंच लिहितोय आणि 'अन्वय' कोरा ठेवतोय.