काळ्या रेषा मोजणारं दुकान : आमची वाटचाल

मिरजेत आमच्या दुकानात कुणी फोनसाठी माईक मागितला की आम्ही आधी किंमत सांगत नाही. "फोन दाखवा," म्हणतो. मग माईकची पिन भिंगाखाली धरतो आणि गिऱ्हाइकालाच मोजायला लावतो, पिनेवर काळ्या रेषा किती? दोन असल्या तर तो माईक कॅमेऱ्यासाठी केलेला. तीन असल्या तर फोनसाठी. ही रीत आमच्याकडे एका चुकीतून आली. ती चूक माझी होती.

दुकान बाबांनी काढलेलं. रेडिओ, टेप, अ‍ॅम्प्लिफायरची दुरुस्ती आणि लग्नसराईत कर्णे भाड्याने. शाळा सुटली की मी त्यांच्याशेजारी स्टुलावर बसायचे. डाग द्यायला, म्हणजे सोल्डरिंग करायला, त्यांनीच शिकवलं. आधी वायर आणि टॅग तापवायचा, मग कथील लावायचं. कथील आपणहून पसरलं पाहिजे, निवल्यावर चकाकलं पाहिजे. राखाडी, खरबरीत दिसलं तर कच्चं समजायचं आणि परत करायचं. मी पुढे इलेक्ट्रॉनिक्सची पदविका केली, पण हाताला वळण लागलं ते त्या स्टुलावर.

टेप गेले, मग रेडिओही गेले. आम्ही मोबाइलची कव्हरं आणि चार्जर विकायला लागलो. बाबांचं त्यात मन रमेना. "पाकीट उघडायचं आणि द्यायचं, यात आपलं काम कुठंय?" ते म्हणायचे. त्यांचं बरोबर होतं. दोन-तीन वर्षं दुकानात विक्री होती, काम नव्हतं.

काम परत आलं ते २०१६ नंतर. त्या सप्टेंबरात जिओ सुरू झालं, नेट स्वस्त झालं आणि आमच्या भागात ज्याच्या त्याच्या हातात कॅमेरा आला. तासगावकडचे बागायतदार द्राक्षाच्या छाटणीचे व्हिडिओ करायला लागले. भजनी मंडळं, क्लासवाले सर, पाककृती दाखवणाऱ्या ताई, सगळ्यांची तक्रार एकच, चित्र छान येतंय, आवाज येत नाही. येईल कसा? फोन दहा फुटांवर उभा, मध्ये पंखा, वारा, रस्ता. माईक तोंडाजवळ नेला की निम्मं दुखणं जातं. म्हणून आम्ही कॉलर माईक ठेवायला लागलो.

त्या दिवसांत कॉलेजची एक मुलगी आली. तिला जत भागातल्या एका आजींच्या जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड करायच्या होत्या. जातं फिरत असताना त्याची घरघर आवाजावर चढते, म्हणून तिला पदराला लावायचा माईक हवा होता. मी काउंटरवरचा चांगला माईक दिला. तो चांगलाच होता, आवाज स्वच्छ द्यायचा. फक्त पिनेवर दोन रेषा होत्या. तिच्या फोनच्या जॅकमध्ये तो घट्ट बसला, फोनवर हेडफोनचं चिन्ह आलं, आणि आम्ही दोघींनी ते पुरेसं मानलं.

चार दिवसांनी ती परत आली. रेकॉर्डिंग लावून ऐकवलं. दीड तास जात्याची घरघर, आणि पलीकडच्या खोलीतून यावा तसा आजींचा आवाज. माईक पदराला होता, पण रेकॉर्ड केलं होतं फोनच्या स्वतःच्या माईकने, आणि फोन ठेवला होता जात्याशेजारी जमिनीवर.

असं का झालं ते तेव्हा मला सांगता आलं नाही, रात्री बसून शोधलं. फोनच्या जॅकमध्ये चार कप्पे असतात, डावा कान, उजवा कान, अर्थ (म्हणजे अर्थिंग, सगळ्यांची परतीची समाईक तार) आणि माईक. पिनेवर तीन काळ्या रेषा असल्या की धातूचे चार तुकडे होतात, प्रत्येकाला आपला कप्पा मिळतो. दोन रेषांच्या पिनेला तीनच तुकडे. तिचा शेवटचा लांब तुकडा फोनमधल्या अर्थ आणि माईक या दोन्ही पत्र्यांना एकदम टेकतो. माईकचा संपर्क अर्थला शॉर्ट झाला की फोनला वाटतं, हा साधा हेडफोन आहे, याला माईक नाही. मग तो मुकाट्याने स्वतःचा माईक चालू ठेवतो. स्क्रीनवर चूक म्हणून काहीही दिसत नाही. दोन रेषांचा माईक तीन रेषांच्या पिनेवर आणणारी सहा इंची वायर मिळते, तिने हे काम झालं असतं.

मी पैसे परत दिले आणि बरोबर वायर घेऊन तिच्यासोबत त्या गावाला गेले. आजी पुन्हा जात्यावर बसल्या, पुन्हा गायल्या. पण पहिल्या दिवशी गायलेल्या सगळ्या ओव्या त्यांना आठवल्या नाहीत. "त्या तवा आल्या हुत्या," म्हणाल्या. दळता दळता जी ओवी ओठावर येते ती येते. त्या दिवसाच्या ओव्या आता कुठेच नाहीत.

तेव्हापासून दुकानातून एकही माईक नखाची चाचणी केल्याशिवाय जात नाही. गिऱ्हाइकाच्या फोनमध्ये माईक जोडायचा, रेकॉर्डिंग सुरू करायचं, माईकच्या जाळीवर नखाने दोनदा हलकेच खरवडायचं. मग फोनच्या खालच्या भोकाजवळ दोनदा. ऐकताना माईकची खरखर मोठी आणि फोनची बारीक आली तर जोडणी खरी. उलट आलं तर काहीतरी चुकलंय. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. माईक कुठूनही घेतलेला असो, कुणीही करून बघावं.

कधी पिन बरोबर असूनही चाचणी फसते. जुन्या काही फोनमध्ये अर्थ आणि माईकचे कप्पे उलटे असायचे, ते आता क्वचित दिसतात. आज जास्त वेळा दोष कॅमेऱ्याच्या अ‍ॅपचा निघतो. बाहेरचा माईक ते वापरतच नाही. अशा वेळी आम्ही ओपन कॅमेरा हे मोफत अ‍ॅप घालून देतो, त्यात आवाज कुठून घ्यायचा ते निवडता येतं.

यानंतर आले भजनी मंडळवाले. त्यांच्याकडे हातात धरायचे मोठे माईक आधीपासून असतात, तेच फोनला लागावेत ही त्यांची मागणी. एका बुवांनी बाजारातून पिन बदलायचा जोड आणला, माईक फोनला लावला, आणि फोनचा आवाज आपोआप वाढत सुटला. त्यांना फोन बिघडला असं वाटलं. फोन ठीक होता. अँड्रॉइड फोन हेडफोनच्या वायरवरची बटणं ओहमवरून, म्हणजे विजेला किती रोध होतो त्यावरून, ओळखतो. माईकच्या संपर्कावर साधारण २४० ओहम दिसले की आवाज वाढव, ४७० दिसले की कमी कर, आणि १००० ओहमच्या वर असेल तरच समोर माईक आहे असं धरतो. हातातल्या डायनॅमिक माईकमध्ये तांब्याची बारीक कॉइल असते, तिचा रोध काहीशे ओहमच भरतो. फोनच्या दृष्टीने कुणीतरी बटण दाबून बसलेलं असतं.

इथे बाबा परत कामाला लागले. बुवांच्या मिक्सरमधून, म्हणजे सगळ्या माईकचे आवाज एकत्र करणाऱ्या यंत्रातून, आवाज निघतो व्होल्टाच्या घरात, फोनच्या माईकला लागतात काही हजारांश व्होल्ट. सरळ जोडलं तर आवाज फाटणारच. बाबांनी आणि मी मिळून वायर बसवली. मिक्सरकडून १० हजार ओहमचा रोधक, तिथून अर्थला १०० ओहमचा, म्हणजे आवाज साधारण शंभरावा हिस्सा उरतो. पुढे १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, कारण फोन माईकला चालवायला दोनेक व्होल्ट बाहेर सोडतो, ते मिक्सरच्या बाजूला जाऊ द्यायचे नाहीत. कपॅसिटरची धन बाजू फोनकडे. आणि शेवटी फोनच्या टोकाला २२०० ओहमचा एक रोधक, फोनला "इथे माईक आहे" असं पटवण्यापुरता. सगळं एका प्लास्टिकच्या डबीत बसतं. आम्ही ती साडेतीनशे रुपयांना देतो. कीर्तनाचं थेट प्रक्षेपण करणारी मुलं ती सप्त्याच्या आधी घेऊन जातात.

या वायरीने एक नवीन तक्रार आणली. फोन चार्जिंगला लावला की घूंऽऽ असा आवाज. मिक्सर आणि चार्जर दोन्ही एकाच विजेवर, त्यांच्या अर्थमधून फेरा पूर्ण होतो आणि ५० हर्ट्झचा घुमारा आवाजात मिसळतो. यावर १:१चा छोटा ट्रान्सफॉर्मर घालून देतो, तो आवाज पुढे नेतो पण अर्थचा फेरा तोडतो. तोवर चार्जर काढा आणि पॉवर बँक लावा, हे फोनवर सांगितलं तरी मंडळाचा कार्यक्रम निभावतो.

२५ मार्च २०२० ला टाळेबंदी लागली. दुकान बंद, पण बाबांचा नंबर गावभर. सकाळी आठपासून शिक्षकांचे फोन. "मुलांना माझा आवाज येत नाही हो." घरातली चाळीसेक वायरी दोन आठवड्यांत संपल्या, मग जुन्या हेडफोनचे माईक कापून वायरी जोडल्या. पण त्या काळातली जी अडचण माझ्या मनात घर करून राहिली ती शिक्षकांची नव्हती, तंबोऱ्याची होती.

आमच्या मिरजेत सतारमेकर गल्ली आहे. दीडशेहून अधिक वर्षं तिथे सतारी आणि तंबोरे घडतात. २०२४ मध्ये त्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं. टाळेबंदीत गिऱ्हाईक येऊ शकेना, तेव्हा तिथले एक काका व्हिडिओ कॉलवर तंबोरा ऐकवायला लागले. दोन-तीन सेकंद तार ऐकू यायची आणि मग तंबोरा विरून जायचा. काका बोलले की त्यांचा शब्द मात्र खणखणीत. ते हवालदिल झाले. "आमच्या वाद्यात खोट आहे असं समोरच्याला वाटायला लागलंय," म्हणाले.

कॉलवर फोन पार्श्वभूमीचा आवाज गाळतो. गाळायचं काय ते कसं ठरवतो? जे एकसारखं, न बदलता चालू आहे ते, पंखा, मोटार, एसी. आता तंबोऱ्याचं सगळं सौंदर्यच त्या न तुटणाऱ्या नादात. तो गुंजत राहावा म्हणून घोडीवर जवारी काढताना, म्हणजे तारेखालचा घोडीचा माथा घासून नेमका करताना, तारेखाली दोरा सरकवताना कारागिराचे दिवसचे दिवस जातात. आणि फोन त्याला पंखा समजून पुसून टाकतो! मला त्या दिवशी फार वाईट वाटलं. आम्ही काकांना यूएसबीवर चालणारा माईक दिला, झूममध्ये आवाज न गाळता मूळ रूपात पाठवायची सोय असते ती चालू करून दिली, आणि गिऱ्हाइकाला कानात हेडफोन घालायला सांगा म्हटलं. ब्लूटूथचा नको, वायरचा. ब्लूटूथ हेडफोनचा माईक कॉलवर सुरू झाला की बहुतेक वेळा आवाज जुन्या टेलिफोनच्या पातळीवर उतरतो, त्यात जवारी उरत नाही. तो तंबोरा दुसऱ्या दिवशी विकला गेला. काका पेढे घेऊन आले, दारातच ठेवून गेले, कारण तेव्हा कुणी आत येत नव्हतं.

पुढचा धक्का पैशांचा होता. फोनमधला गोल जॅक जायला लागला, सगळीकडे टाइप-सी आलं. मी मुंबईहून एका घाऊक व्यापाऱ्याकडून टाइप-सीचे दोनशे जोड उचलले. निम्म्याहून जास्त परत आले. बाहेरून सारखे दिसणारे जोड दोन जातीचे असतात. एकात नुसत्या तारा असतात. फोन स्वतः टाइप-सीमधून साधा आवाज घेत असेल तरच ते चालतात. दुसऱ्यात आवाजाचं आकड्यांत रूपांतर करणारी चिप असते, ते जवळजवळ सगळीकडे चालतात. माझे सगळे नुसत्या तारांचे होते. त्या वर्षीचा दिवाळीचा नफा त्यात गेला. आता एक नमुना मागवते, तीन-चार फोनवर लावून बघते, मगच माल. काही फोनमध्ये ओटीजी, म्हणजे फोनला बाहेरची वस्तू जोडायची सोय, सेटिंगमधून चालू करावं लागतं आणि १० मिनिटं काही जोडलं नाही तर ते बंद होतं, हेही गिऱ्हाइकाला चिठ्ठीवर लिहून देतो.

हल्ली विक्री वायरलेसची. छोटासा रिसीव्हर फोनच्या टाइप-सीमध्ये, माईक शर्टाला. सोपं आहे, लोकांना आवडतं, मलाही आवडतं. पण यातले बहुतेक २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, आणि त्या लहरी माणसाचं अंग अडवतं. शेतकरी कॅमेऱ्याकडे पाठ करून वेलीकडे वळला की आवाज तुटतो. बोलणारा फिरणार असेल तर माईक कॅमेऱ्याच्या बाजूच्या खांद्याजवळ लावा, आणि बागेत केसाळ टोपी काढू नका, वाऱ्याचा फडफडाट नंतर कुठल्याही अ‍ॅपने जात नाही.

बाबा आता सत्तरीच्या पुढे आहेत. दुपारी दोन तास येतात, डब्यांचे डाग तेच देतात. सध्या आम्ही दोघं तंबोऱ्यासाठीच एक गोष्ट करतोय. भोपळ्याला चिकटवायची पिएझो चकती, ती वाद्याची थरथर थेट विजेत बदलते, म्हणजे खोलीतला आवाज न येता वाद्याचाच येईल. चकतीचा रोध प्रचंड, फोनला ती सरळ चालत नाही. मध्ये एक छोटा एफईटी, म्हणजे एका जातीचा ट्रान्झिस्टर, लागतो, आणि तो फोनने सोडलेल्या त्याच दोन व्होल्टांवर चालतो, वेगळी बॅटरी नको. दोन नमुने टाकून दिले. तिसऱ्यात खर्ज भरीव येतोय, पण तार छेडताना लाकडाची ठक् अशी चापट येते. बाबांच्या मते चकती भोपळ्यावर नको, घोडीपासून चार बोटं दूर तबलीवर हवी. काका शनिवारी तंबोरा घेऊन येतायत, तेव्हा बघू.