झेंडा कुठे, वारा कुठे

"वारा दोन्हीकडून येस का रे?"

आबांनी विचारलं आणि भाचा गप्पच. भुसावळच्या घरात, टेबलावर लेगोचं तीन डोलकाठ्यांचं जहाज. चौकोनी विटांतून गोलसर पोट काढायला पोराने बिजागरीचे तुकडे तिरके लावलेले. मी त्यावरच खूश! आबांची नजर मात्र वर. शिडं पुढे फुगलेली, म्हणजे वारा मागून. मग झेंडा मागे कसा उडतोय?

या माणसाने समुद्र पाहिलेला नाही. पण जन्मभर खळ्यावर धान्य उफणलंय. वारा कुठून येतो हे भुसा डोळ्यांत गेला की कळतंच.

भाच्याने निमूट झेंडा फिरवला.

आता आबांचा पुढचा प्रश्न : तापी सुरतेपाशी समुद्राला मिळते, तर हे इथूनच सोडलं तर? मध्ये उकाई धरण आडवं येतं. सुचतंय का कुणाला काही?