तुम्ही विचारलंत म्हणून: प्रयोगासाठी भाजलेल्या उंदराला ओपिऑइड, म्हणजे मॉर्फिनसारखं वेदनाशामक, दिलं तर डेटा बिघडत नाही का?

भाजल्याच्या जखमांवर काम सुरू करणारा विद्यार्थी, परळच्या प्राणिगृहात असो की खारघरच्या, पहिल्याच आठवड्यात हे विचारतो. ओपिऑइडने प्रतिकारशक्तीवर परिणाम होतो, मग निष्कर्षांचं काय?

परिणाम होतो, नाकारण्यात अर्थ नाही. मॉर्फिन प्रतिकारशक्ती दाबतं, आतडी मंद करतं. पण वेदना तशीच ठेवली तर तीही गप्प बसत नाही. कॉर्टिकोस्टेरॉन हे ताणाचं संप्रेरक चढतं, अ‍ॅड्रेनालिन चढतं, प्राणी खाणं टाकतो, आणि हे सगळं जखम भरण्याच्या वेगात मिसळतं. तेही प्रत्येक प्राण्यात वेगळ्या प्रमाणात. औषधाचा डोस निदान वहीत लिहिता येतो, वेदनेचा येत नाही. म्हणून औषध सगळ्या गटांना द्यायचं: ज्या शॅम गटाला फक्त भूल दिली, भाजलं नाही, त्यालाही तोच डोस, त्याच वेळी. बहुतेक घोटाळे शॅम गटाला वगळल्याने होतात, ओपिऑइडने नव्हे.

‘खोल भाजलं की नसाच जळतात, मग दुखेल कसं?’ हा जोडप्रश्न. जखमेच्या मध्यापुरतं ते खरं. कडेला नसा शाबूत असतात आणि भोवतीची सूज त्यांना आणखी हळवं करते.

बहुतेक ठिकाणी ब्युप्रेनॉर्फिन हे ओपिऑइड वापरतात. मॉर्फिनपेक्षा ते जास्त वेळ टिकतं, प्रतिकारशक्तीला कमी छळतं. मेलोक्सिकॅम हे ओपिऑइड नसलेलं वेदनाशामक सोपं वाटतं, पण ते सूजच कमी करतं, आणि सूज हाच तर अभ्यासाचा विषय असतो. शिवाय भाजल्यावर शरीरातलं पाणी कमी झालेल्या प्राण्याच्या मूत्रपिंडावर त्याचा ताण येतो.

आता मराठीची एक अडचण. मोठा रॅट आणि छोटा माउस, दोघांनाही आपण उंदीरच म्हणतो. डोस मात्र वेगळा. रॅटला किलोमागे ०.०१ ते ०.०५ मिलीग्रॅम, माउसला ०.०५ ते ०.१. वहीत नुसतं ‘उंदीर’ लिहू नका. अँप्यूलमध्ये मिलीलिटरला ०.३ मिलीग्रॅम असतं. २५० ग्रॅमच्या रॅटला ०.०५ च्या हिशेबाने जेमतेम ०.०४ मिली लागेल, आणि एक मिलीच्या सिरिंजवर तेवढं नेमकं ओढता येत नाही; सुईच्या बुडाशी राहणारा थेंबच डोस बदलून टाकतो. एक भाग औषध, नऊ भाग निर्जंतुक सलाइन असं पातळ करा. मग रॅटला ०.४२ मिली, २५ ग्रॅमच्या माउसला ०.१ च्या हिशेबाने ०.०८ मिली. बाटलीवर तारीख आणि तीव्रता लिहा. मूळ औषध समजून पातळ केलेलं देणं ही नेहमीची चूक, उलटी चूक त्याहून वाईट.

पहिलं इंजेक्शन भाजण्याआधी निदान अर्धा तास. औषध हळू चढतं, आणि नंतर धावाधाव करून वेदना मागे खेचता येत नाही. भुलेचं आयसोफ्लुरेन मात्र थोडं कमी करा, नाहीतर श्वास मंदावतो. त्वचेखाली द्यायचं तर भाजलेल्या भागापासून दूर, न भाजलेल्या कुशीत. मोठ्या जखमेत त्वचेचा रक्तप्रवाह घटतो, त्यामुळे औषध उशिरा लागू पडतं.

रॅटला पुढचे डोस दर आठ तासांनी: सकाळी सहा, दुपारी दोन, रात्री दहा. माउसला अंतर आणखी कमी लागतं. मुंबईत वेळापत्रक इथेच फसतं. रात्री दहाचा डोस देऊन डोंबिवली गाठणाऱ्याकडून सकाळी सहाची अपेक्षा धरू नका, आणि जुलैत रुळांवर पाणी आलं की दोन्ही चुकतात. आवारातच राहणारा एक माणूस यादीत हवाच. औषधाच्या कपाटाची किल्लीही त्याच्या हाती अधिकृतपणे हवी, कारण ब्युप्रेनॉर्फिन १९८५ च्या एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्याखाली येतं आणि उरलेल्या, फुटलेल्या अँप्यूलचाही हिशेब लागतो. नैतिकता समितीच्या अर्जात औषध, डोस, वेळा आणि डोस चुकल्यास काय करणार, हे आधीच लिहा.

फसवणारी गोष्ट म्हणजे रॅटचा भुसा खाण्याचा छंद. रॅटला उलटी होत नाही. ब्युप्रेनॉर्फिनने मळमळलं की तो पिंजऱ्यातलं अंथरूण खातो, जेवण सोडतो, वजन उतरतं. बघणाऱ्याला वाटतं दुखतंय, तो डोस वाढवतो, आणि रॅट आणखी भुसा खातो. आधी अंथरूण कागदाचं करा, डोस खाली आणून बघा. पाठ भाजलेला प्राणी उभा राहून जाळीतलं खाद्य ओढू शकत नाही, त्यामुळे भिजवलेलं खाद्य जमिनीवर ठेवा, पाण्याची नळी लांब लावा.

इंजेक्शननंतर पळापळ करणारा माउस बरा झालाय असं धरू नका. ब्युप्रेनॉर्फिनने तो नुसताच धावतो. चेहरा बघा: डोळे किती मिटलेत, नाक-गाल फुगलेत का, कान आणि मिशा कशा आहेत. प्रत्येकाला शून्य ते दोन गुण, आणि गुण देणाऱ्याला गट माहीत नको. भुलेतून उठल्यावर पहिले काही तास हे गुण आयसोफ्लुरेनमुळेच वाढलेले असू शकतात. पहिल्या दिवसाच्या वजनावरही विसंबू नका. रॅटला दहा मिली सलाइन टोचलं असेल तर काट्यावर दिसणारे दहा ग्रॅम प्राण्याचे नाहीत.